गाणं कसं थांबतं

मला गाता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात कुणालाच येत नव्हतं. आम्हाला याद्या करता येत. आई भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत बारीक अक्षरात लिहायची: 'मंगळ – वाल भिजत', 'बुध – वाल फडक्यात', 'गुरु – वाल सोलणे, बिरडं'. बाबा बूट घालून झाले की दाराशी उभे राहून मोठ्याने म्हणायचे, "पास, डबा, रुमाल, किल्ली," आणि प्रत्येक शब्दाला त्या त्या जागी एक थाप मारायचे. पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांतली सकाळ म्हणजे बाबांच्या या चार थापा, कुकरच्या शिट्ट्या, आणि हमरस्त्यावरून न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर. त्या घरघरीने फडताळातल्या बशा एकमेकींवर किणकिणायच्या. एकदा आईने कंटाळून बशांच्या मधे वर्तमानपत्राचे तुकडे घातले, तेव्हा मला चार दिवस काहीतरी हरवल्यासारखं वाटत राहिलं. आज मी त्याच बंदरावरच्या एका मालवाहतूक कचेरीत, जहाजावर कुठला कंटेनर कुठल्यावर चढायचा याच्या याद्या तपासते. नवीन मुलं विचारतात, मॅडम, हे तुम्ही कुठे शिकलात? मी सांगते, शाळेत, संगीताच्या तासाला. त्यांना ती थट्टा वाटते.

पाचवीत संगीताच्या पहिल्याच तासाला आपटेकरबाईंनी प्रत्येकाकडून एकेक सूर म्हणून घेतला होता. माझी पाळी आली, मी तोंड उघडलं आणि वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या पेटीवर हात ठेवून म्हणाल्या, "वसुधा, तुझी वही बघू." वहीच्या पहिल्या पानावर मी त्या वर्षीच्या सगळ्या विषयांची, तासांची आणि पुस्तकांना घातलेल्या कव्हरांच्या रंगांची यादी केली होती. बाईंनी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग वर्गाला म्हणाल्या, "हिला गाता आलं नाही तरी चालेल. हिला गाणं मांडता येईल. गाणारे पुष्कळ मिळतात रे, मांडणारं एखादंच." त्या दिवसापासून नवं गाणं आलं की फळ्यावर ते मी मांडायची. गाण्याचा जो भाग पुन्हा पुन्हा परत येतो तो स्थायी, जो बाहेर जाऊन काही नवं सांगून येतो तो अंतरा, आणि स्थायीचा सुरुवातीचा तुकडा तो मुखडा. 'एक – स्थायी, दोनदा. दोन – पहिला अंतरा, पहिली ओळ दोनदा, दुसरी एकदा. तीन – मुखडा पकडून स्थायीवर.' असं शेवटपर्यंत. सातवीनंतर आम्हाला संगीताचा तासच नव्हता, तरी नववीपर्यंत मी मधल्या सुट्टीआधीच्या तासाला बाईंच्या परवानगीने लहान वर्गांत जायची आणि फळ्यावर गाणी मांडायची.

बाईंची शिकवायची रीत मी नंतर कुठेच पाहिली नाही. त्या मुलांना बसवून शिकवायच्या नाहीत. शाळेच्या मागच्या अंगणात त्या खडूने एक मोठा चौकोन काढायच्या, बाकाएवढा. ती स्थायी. तिथून पाण्याच्या नळापर्यंत जायचं आणि परत यायचं, तो अंतरा. मुलं गात गात चालायची आणि चौकोनात उजवा पाय नेमका समेला, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेला पडला पाहिजे. काही जण घाईने आधीच पोचायचे आणि चौकोनात उडी मारायचे. बाई ओरडायच्या, "ए, लवकर आलास तर दाराबाहेर उभा राहा! दार समेलाच उघडतं. आधी कडी वाजवायची नाही!" उशिरा पोचलेल्याला मात्र त्या काही बोलायच्या नाहीत, नुसतं भुवई उचलून म्हणायच्या, "जेवणं झाली." मुलं खो खो हसायची. महिनाभरात पाचवीच्या पोरांना न सांगता कळायचं की आता अंतरा संपत आलाय, आता वळायला हवं. बाई म्हणायच्या, "गाणं म्हणजे सूर नव्हेत. गाणं म्हणजे कुठे गेलात, कधी वळलात आणि घरी कसे आलात." मी हे वाक्य वहीत लिहून त्याखाली रेघ मारली होती. ती वही अजून माझ्याकडे आहे.

त्यांचा आणखी एक नियम होता. कुणीही आपल्या मनाने थांबायचं नाही. "गाणं म्हणजे वरात नव्हे, वाटेत कुणीही गळावं. सगळे एकदम सुरू, सगळे एकदम बंद." बाई ठेंगण्या, गोऱ्या, जाड भिंगांचा तपकिरी चष्मा लावणाऱ्या. गाण्याआधी पेटीवर एक फुंकर मारायच्या, गाणं संपता संपता चष्मा काढून पदराच्या कोपऱ्याने पुसायच्या, आणि मधल्या वेळात कुणाचा सूर गेला तर त्याच्याकडे न बघता त्याचं नाव घ्यायच्या. त्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी ज्यू. मूळ गाव आपटा. वडिलांचं घर पाताळगंगेच्या काठी होतं, ते कधीच विकलं गेलं. दोघं धाकटे भाऊ इस्रायलला जाऊन स्थिरावले होते आणि दर पत्रात विचारायचे, ताई, कधी येतेस? बाईंनी लग्न केलं नव्हतं. एकदा फळा पुसताना मी विचारलं, "बाई, तुम्ही जाणार?" त्या म्हणाल्या, "तिथे मला कोण गाणं शिकवू देणार गं? मराठीत? इथे माझा तास आहे. तास आहे तोवर मी आहे."

म्हणून नववीच्या त्या सहामाहीत जेव्हा कळलं की संस्थेचे नवे चिटणीस शाळा बघायला येणार आणि पाचवी ते सातवीचा संगीताचा तास ठेवायचा की त्या जागी स्कॉलरशिपचा जादा वर्ग घ्यायचा हे ठरवणार, तेव्हा मी त्यांना कुठली कुठली गाणी ऐकवायची याची यादी करायला बसले. बाईंनी मात्र वेगळाच बेत केला. "त्यांना गाणं ऐकवायचं नाही, गाणं उभं कसं राहतं ते दाखवायचं," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतः एक गाणं बांधलं. 'पाणी आलं, पाणी गेलं, काठावरचं गाव राहिलं' अशी त्याची स्थायी, आणि तीन अंतरे. सहावीचा वर्ग अंगणात चालत चालत ते गाणार. पुढे मंदा. मंदा बेलपाड्याची, शिकायला पनवेलला मामाकडे राहिलेली. तिचा आवाज असा खणखणीत की दोन अंगणं पलीकडच्या म्हाताऱ्या खिडकीत यायच्या. बाई पेटीवर. मी बाजूला टिपऱ्यांवर ठेका धरून, पायाशी माझी यादी. चिटणीस गुरुवारी येणार होते. गुरुवारी ते आले नाहीत.

शुक्रवारी दुपारी शाळा सुटताना हेडसरांनी मला बोलावलं. "तुझ्या बाईंना निरोप दे. साहेब उद्या सकाळी येतायत."

"सर, उद्या शनिवार आहे."

"मग? शाळेला शनिवार असतोच की."

शुक्रवारच्या दिवेलागणीपासून शनिवार संध्याकाळपर्यंत बाईंचा शब्बाथ, त्यात कसलंही काम करायचं नाही; म्हणून बाई शनिवारी शाळेत येत नसत, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. आधीच्या हेडसरांशी त्यांचं तसं ठरलेलं होतं. त्या बदल्यात रविवारची परीक्षांची कामं, सुट्टीतली शिबिरं, सगळं बाईंकडे असायचं. नव्या सरांनाही ते माहीत होतं. ते कागद चाळत म्हणाले, "मी काय करू? साहेबांना का सांगू, तुम्ही वार बदला म्हणून? सांग जाऊन." मला आज त्या माणसाचा राग येत नाही. त्यांच्या जागी बसलेली माणसं मी रोज बघते. पण त्यांनी एकदा तरी कागदांवरून वर बघायला हवं होतं.

बाईंच्या घरी पोचले तेव्हा तीनही शेगड्या पेटलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशीचं जेवणही आजच करून ठेवायचं असायचं. रावसाचं आंबटतिखट कालवण उकळत होतं, नारळाच्या दुधाचा वास गल्लीपर्यंत आलेला, आणि काळ्या मनुका भिजवून, कुस्करून त्यांचं सरबत एका फडक्यातून थेंब थेंब गळत होतं. काचेच्या दिव्यात तेलवात तयार. मी दारातूनच एका दमात सगळं सांगितलं. बाईंनी डाव पातेल्यावर आडवा ठेवला.

"उद्या," त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्ही नुसत्या येऊन बसा. पेटी नका वाजवू."

"नुसतं बसता येतं का मला? मी बसले की हात पेटीवर जाणार."

"एकच शनिवार, बाई."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "वसू, भाऊ गेले तेव्हा म्हणाले, ताई, इथे कुणाकुणाला शनिवार समजावत बसशील? मी म्हटलं, माझ्या शाळेला समजावून झालाय. वीस वर्षांत दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. उद्या मी आले ना, तर परवा मला तो स्वतःलाच समजवावा लागेल." मग एकदम आवाज बदलून, "चल, दिवा लावायला अर्धा तास आहे. त्यानंतर मी पेन्सिल धरणार नाही. यादी काढ."

कालवण उकळत राहिलं आणि आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहून माझी यादी तपासत गेलो. पेटी नसताना मंदाला पट्टी, म्हणजे पहिला सूर, कोण देणार? मंदा स्वतःच घेईल. दुसऱ्या अंतऱ्यात रांग फुटते. तिथे मी टिपऱ्या जोरात वाजवायच्या. तिसऱ्या अंतऱ्यात मुलं घाई करतात. तिथे मी चौकोनाच्या कडेला उभं राहायचं. शेवटची ओळ होती, 'नऊ – स्थायी.' बाईंनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सगळं आहे." निघताना त्यांनी माझ्या हातावर खजूर ठेवले आणि म्हणाल्या, "तू मांडलंयस, म्हणजे उभं राहीलच." मी घरी येताना ती यादी चार वेळा वाचली. मलाही ती पूर्ण वाटली. इतकी वर्षं याद्या करून मला हे कळलंय की राहून गेलेली गोष्ट यादी वाचून कधीच सापडत नाही.

शनिवारी सकाळी मागच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. चिटणीस म्हणजे हसतमुख, सावकाश बोलणारे गृहस्थ होते, त्यांनी मुलांना गुड मॉर्निंग केलं, मला "तूच बाई का?" असं विचारलं आणि स्वतःच हसले. मी टिपऱ्या धरल्या. मंदाने पट्टी घेतली. आणि सांगायला हवं, ते फार सुंदर झालं. मुलं नळापर्यंत गेली, वळली, उजवा पाय समेला चौकोनात. दुसऱ्या अंतऱ्याला रांग फुटली नाही. तिसऱ्याला कुणी घाई केली नाही. चिटणीस खुर्चीत पुढे सरकले, त्यांच्या बोटांनी मांडीवर ठेका धरला. मुलं शेवटच्या स्थायीवर आली. पाणी आलं, पाणी गेलं. काठावरचं गाव राहिलं. एकदा. दोनदा. मी टिपऱ्या खाली घेतल्या.

मुलं गात राहिली.

मी हात वर केला. मग आडवा केला. मंदा माझ्याकडे बघत होती, पण हाताकडे नाही, माझ्या तोंडाकडे, आणि गात होती. तिच्या मागचे सव्वीसही तसेच, चौकोनाभोवती फिरत, समेला टाळी देत. मी "बास" म्हणाले, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू येणार? पाचव्यांदा. सहाव्यांदा. मी मोजत होते, कारण मोजण्याशिवाय मला तेव्हा काहीच येत नव्हतं. चिटणिसांची बोटं मांडीवर थांबली. सातव्या वेळी ते हसले, नवव्या वेळी त्यांनी हेडसरांकडे पाहिलं, अकराव्या वेळी मनगटाकडे. हेडसर उठले, दोन पावलं आले आणि तेही उभे राहिले. इतक्या मुलांना गाताना मधेच कसं थांबवायचं हे कुणालाच सुचत नव्हतं. लहान मुलांचे आवाज बसायला लागले. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ती गात होती. बाईंनी सांगितलं होतं, आपल्या मनाने थांबायचं नाही. मी यादी उचलली. नववी ओळ वाचली. तिच्याखाली कोरा कागद होता. तेवढ्यात घंटा झाली आणि सगळे जागच्या जागी गप्प झाले. शिपाई बंडूकाकांना मी नंतर विचारलं तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "अजून सात मिनटं व्हती, बाय. पन बगवंना."

चिटणीस म्हणाले, "छान, छान. उत्साह दांडगा आहे." आणि चहाला गेले. मी मंदाला गाठलं. "अगं, थांबला का नाहीत? मी हात करत होते ना!"

मंदा रडवेली झाली होती. "बाईंनी चष्मा काढला नाय," ती म्हणाली, "मंग आमी कसं थांबनार?"

सोमवारी सूचनाफलकावर कागद लागला. दिवाळीनंतर पाचवी ते सातवीला संगीताऐवजी स्कॉलरशिपचा वर्ग. मी हेडसरांकडे गेले. एरवी मी त्या खोलीत पायही टाकला नसता. "सर, चूक माझी होती. बाईंची नाही. गाणं परत दाखवू?" ते या वेळी मात्र वर बघून म्हणाले, "अगं, गाण्याचा काय संबंध? हे वरती आधीच ठरलं होतं." ते खरं बोलले की मला बरं वाटावं म्हणून बोलले, हे मला अजून माहीत नाही. त्या आठवड्यात मी वहीत दोन याद्या केल्या. 'माझ्यामुळे' आणि 'माझ्यामुळे नाही'. दोन्ही सारख्याच लांबीच्या झाल्या. नंतरही कधी कधी मी त्या काढून बघते. एकीत एक ओळ वाढवली की दुसरीतही एक सुचते.

त्याच दिवशी सहावीच्या तासाला बाई आल्या तेव्हा त्यांना फलकाचं कळलेलं होतं. त्या पेटीपाशी बसल्या. "आता मला सांगा," त्या म्हणाल्या, "थांबला का नाहीत?" मंदाने सांगितलं.

"चष्मा?" बाई म्हणाल्या. "मी चष्मा काढते?"

"होऽऽऽ!" सगळा वर्ग.

"दर वेळी?"

"दर वेळी! मंग आमी तीनदा शेवटची ओळ म्हनतो आनि गप!"

बाई माझ्याकडे वळल्या. मी मान हलवली. बाई चष्मा पुसतात हे मी पाहिलं होतं, पण त्यावर मुलं थांबतात हे मला माहीत नव्हतं. मी कायम फळ्याकडे तोंड करून उभी, आणि अंगणात असले तर डोळे पायाशी ठेवलेल्या यादीवर. बाईंना हसू यायला लागलं. आधी नुसते खांदे हलले, मग त्या पेटीवर वाकून हसल्या, वर्गही हसायला लागला, मी हसले, बाकं वाजायला लागली. हसता हसता बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी चष्मा काढला.

वर्ग एकदम गप्प झाला. हसणं मधल्यामधे तुटलं. मंदाचं तोंड उघडं ते तसंच मिटलं.

बाई चष्म्याशिवाय आमच्याकडे बघत राहिल्या; त्यांना आम्ही नीट दिसतही नसू. "अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या. "वीस वर्षं मी समजावतेय गाणं कसं उभं राहतं. आणि ते बंद करत होता माझ्या पदराचा कोपरा." मी वहीत नवव्या ओळीखाली लिहिलं, 'दहा – बाई चष्मा काढतात.' त्याचा आता काही उपयोग नव्हता. तरी लिहिलं.

दिवाळीनंतर बाईंना कार्यानुभवाचे तास दिले. त्यांनी मुलांकडून कागदी फुलं करून घेतली, चांगली करून घेतली. घरी भावाचं पत्र आलं की पूर्वी त्या ते वाचून दाखवायच्या. आता दाखवत नसत. वार्षिक परीक्षा संपल्यावर एका मंगळवारी दुपारी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी उभी राहिली. दोन ट्रंका टपावर बांधल्या होत्या. बाई भावांकडे, इस्रायलला निघाल्या होत्या; पेटी त्यांनी शाळेला दिली होती. आईने माझ्याबरोबर बिरड्याचा डबा पाठवला होता, झाकणावर चिकटपट्टी लावून: 'आज संध्याकाळपर्यंत खाणे'. सहावीचा सगळा वर्ग आला होता, सुट्टी असून गणवेशात. मंदा बेलपाड्याहून मुद्दाम आली होती.

"गाणार ना रे?" बाई टॅक्सीत बसत म्हणाल्या. "वसू, मांड."

माझ्या हातात वही होती. तिची कुणालाच गरज नव्हती. मंदाने पट्टी घेतली आणि मुलं त्या गल्लीतच चालायला लागली, विजेच्या खांबापर्यंत अंतरा, टॅक्सीच्या दारापाशी स्थायी. वाण्याच्या दुकानातली माणसं बाहेर आली. टॅक्सीवाल्याने इंजिन बंद केलं. पहिला अंतरा, दुसरा, तिसरा. सगळे समेला परत आले. शेवटची स्थायी सुरू झाली. बाईंच्या चष्म्याच्या खालून पाणी गालांवर उतरत होतं. त्यांचा हात वर गेला. बोटं चष्म्याच्या काडीला लागली. सत्तावीस मुलांचे डोळे त्या हातावर होते.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. चष्मा तसाच राहू दिला. त्यांनी टॅक्सीवाल्याला मान हलवून खूण केली.

टॅक्सी वळली, बाजाराच्या गर्दीत दिसेनाशी झाली. मुलं गात होती. पाणी आलं, पाणी गेलं. त्यांना थांबवणारं आता कुणी नव्हतं, आणि मी हात केला नाही. ते गाणं कधी थांबलं, हे माझ्या वहीत नाही.